कोकण किनाऱ्यावरच्या कारभाऱ्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या सर्व नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींचे नगराध्यक्ष, सरपंच आणि सदस्य

सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापूरची माणसं. तुमच्याकडे जुलैच्या एका महिन्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे अख्ख्या वर्षात पडत नाही. त्यामुळे समुद्राची ओढ आम्हाला जरा जास्तच. रत्नागिरीत समुद्राला भिडणारा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या शहरापर्यंत येतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, पण दिवाळी झाली की आमच्याकडच्या गाड्या या रस्त्याला लागतात, त्या मे महिन्यापर्यंत.

या गाड्यांमध्ये अलीकडे आमच्यासारख्यांचीही भर पडली आहे. आमची गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, आतून घरासारखी करून घेतलेली. चार जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, छतावर सौर पॅनल, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. आरटीओत कॅरव्हॅन म्हणून रीतसर नोंद आहे. आमचे हे गाडी चालवतात, मी बाकीचं बघते. गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, जिने चढवत नाहीत. लॉजवर उतरायचं म्हटलं की आधी फोन करून कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, हे विचारावं लागायचं आणि गेल्यावर भलतंच निघायचं. आता त्यांचा पलंग आणि त्यांचा कमोड त्यांच्याबरोबर असतो. आयुष्यभर घराबाहेर न पडलेली बाई आज वेंगुर्ल्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या गावांची नावं सांगते.

आमची मागणी छोटी आहे. तुमच्या गावात अशा गाड्यांना एक-दोन रात्री थांबायला एक अधिकृत जागा ठरवून द्या, आणि त्या जागेवर आमचा मैला आणि सांडपाणी ओतायची सोय करा. दोन्हीचे पैसे घ्या. त्यातही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते. कारण या विषयावर बोलायला सगळेच संकोचतात आणि त्या संकोचापायी तुमचे किनारे घाण होतात.

कॅरव्हॅनच्या संडासाखाली साधारण २० लिटरचा एक बंद डबा असतो. त्याला कॅसेट म्हणतात. बाहेरच्या बाजूने दार उघडून तो काढता येतो. त्याला चाकं आणि दांडा असतो, प्रवासी बॅगेसारखा ओढत नेता येतो. चौघं असलो तर दोन दिवसांत भरतो. भरला की तोंड फिरवून चेंबरमध्ये ओतायचा, दोन बादल्या पाणी घालून खळखळून धुवायचा, परत बसवायचा. पाच मिनिटांचं काम. हे पाणी ज्या चेंबरमध्ये जाईल तो सेप्टिक टँकला जोडलेला हवा, एवढीच अट. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, त्यालाही एक नळी लावायला जागा लागते.

आता अशी जागा कुठेच नसेल, तर भरलेल्या डब्याचं लोक काय करतात? मी पाहिलंय. रात्री सुरूच्या बनात ओततात. खाडीच्या पुलावर गाडी थांबवून खाली सोडतात. एका गावात तर सकाळी जिथे बायका मासे वाळवायला बसतात त्याच पट्ट्यात कुणी तरी ओतून गेलं होतं. त्या बायकांनी तावातावाने आमच्या गाडीकडे हात केला. आम्ही दार उघडून भरलेला डबा दाखवला तेव्हा कुठे त्या शांत झाल्या. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. पण ज्याने ते केलं त्याला विचारलं असतं, तर त्यानेही विचारलं असतं की मग कुठे ओतू?

गेल्या मार्चमधली गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तसं कुठल्याही गावात घडू शकतं. जेटीजवळच्या मोकळ्या मैदानात संध्याकाळी गाडी लावली, आजूबाजूला विचारून लावली. रात्री अकराला दारावर थाप. इथे राहता येणार नाही, गाडी काढा. मग कुठे लावू, तर ते सांगता येणार नाही. सासूबाई झोपेतून उठून बसल्या. रात्रीच्या काळोखात ती लांबलचक गाडी अरुंद आळीतून मागे घेत बाहेर काढली आणि महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या कडेला रात्र काढली. कॅसेट भरत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खानावळीत जेवायला थांबलो, तेव्हा मी धीर करून मालकीणबाईंना विचारलं. त्या क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, चला, मागे आमची टाकी आहे, झाकण उघडून देते. पैसे घेतले नाहीत. वर निघताना आमच्या ह्यांना दटावलं, "माडाखाली गाडी लावू नकात, नारळ पडतलो." आमच्या छतावर पॅनल आहेत, हे त्या बाईंच्या लगेच लक्षात आलं होतं.

त्या बाईंनी जे केलं ते गावाने करावं, एवढंच मी मागते आहे. दर वेळी कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहायला लागू नये.

माझी मुलगी ऑस्ट्रेलियात टाऊन्सव्हिलला असते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी कॅरव्हॅन भाड्याने घेतली आणि आम्ही दक्षिणेला बोवेन नावाच्या गावात मुक्कामाला थांबलो. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचं हे गाव. दमट हवा, माड, आंबे, बाजारात टोमॅटो आणि मिरच्यांचे ढीग. डोळे मिटून वास घेतला तर देवगडला उभं आहोत असं वाटेल. तिथला बोवेन आंबा हिंदुस्थानातून घोड्यांच्या व्यापारात जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरून आलेल्या कोयींपासून झाला असं सांगतात. तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा. दक्षिणेकडच्या थंड शहरांतली निवृत्त माणसं तेव्हा कॅरव्हॅन घेऊन उत्तरेच्या या उबदार किनाऱ्यावर येतात. आमच्या शेजारचं जोडपं सत्तरीच्या पुढचं होतं. दरवर्षी येतात, किराणा तिथल्याच दुकानातून घेतात, गाडीची दुरुस्ती तिथेच करतात, आजारी पडले तर तिथल्याच डॉक्टरकडे जातात.

त्या मुक्कामाची जागा मी नीट बघून घेतली. काहीही थाटमाट नव्हता. खडी टाकून दाबलेली सपाट जमीन, प्रत्येक गाडीसाठी एक खांब, त्यावर नळ आणि १५ अँपियरचा प्लग. एका कोपऱ्यात सिमेंटचा उतार केलेला, मधे झाकण असलेलं भोक, बाजूला धुवायला नळी आणि नळीवर पाटी, की हे पाणी पिण्याचं नाही. पिण्याचा नळ मुद्दाम लांब ठेवलेला. मला तो कोपरा सगळ्यात आवडला. जावई हसले, पण ज्या बाईने रात्री अकराला भरत आलेला डबा घेऊन गाव सोडलं आहे तिला त्या भोकाची किंमत विचारा. त्या देशात कॅरव्हॅनवाल्यांची एक मोठी संस्था आहे, ती गावांना 'आर व्ही फ्रेंडली टाउन' असा दर्जा देते. आर व्ही म्हणजे आमच्यासारखी, आत राहायची सोय असलेली गाडी. त्यासाठी गावाने मोठ्या गाड्यांना जागा, एक-दोन रात्रींचा स्वस्त मुक्काम, पिण्याचं पाणी आणि हा ओतण्याचा चेंबर एवढं करायचं असतं. गावं त्या पाटीसाठी स्वतःहून अर्ज करतात.

परदेशाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक म्हणतात, ते तिकडे चालतं. म्हणून आमच्या जिल्ह्याचं उदाहरण देते. ते तिकडच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

आषाढीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला येते. ही गावं काही मोठी नाहीत. पण एका रात्रीसाठी तिथे लाखो माणसं उतरतात. प्रत्येक दिंडीबरोबर ट्रक, ट्रकमध्ये राहुट्या, गॅस, भांडी, पाण्याचे टँकर. कुठल्या दिंडीचा तळ कुठे, टँकर कुठे भरायचा, फिरती शौचालयं कुठे ठेवायची, ती कुठे उपसायची, हे सगळं आधी ठरलेलं असतं. सकाळी पालखी हलते आणि गाव पुन्हा गाव होतं. हे एका दिवसात जमलेलं नाही. पंढरपुरात पूर्वी राहुट्या थेट चंद्रभागेच्या वाळवंटात पडायच्या. वारी संपल्यावर त्या वाळवंटात पाय टाकवत नसे. मी लहानपणापासून तो वास ओळखते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, वाळवंटातल्या राहुट्यांना बंदी आली, आणि नदीच्या पैलतीरावर ६५ एकरांत दिंड्यांना आखून जागा दिल्या गेल्या. नळ, दिवे, शौचालयं. लोक आजही नुसतं '६५ एकर' म्हणतात, सगळ्यांना कळतं. नुसती बंदी घातली असती तर राहुट्या नदीच्या आणखी अवघड कोपऱ्यात पडल्या असत्या. बंदी टिकली ती पर्यायी जागा मिळाली म्हणून.

तुम्हाला तरी हे नवीन कुठे आहे? मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो माणसं येतात, तेव्हा वाडीतली माणसं शेतं मोकळी करून गाड्यांची सोय करतातच. मी सहा-आठ गाड्यांची जागा मागते आहे.

पाण्याबद्दल तुमची काळजी असणार हे मला माहीत आहे. कोकणात धो धो पाऊस पडतो पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून समुद्राला मिळतं, आणि एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, टँकर सुरू होतात. अशा वेळी बाहेरची माणसं येऊन पाणी उधळतात, हा राग योग्य आहे. पण आमचं ऐका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलं की पिंपं भरायची आणि ती पुढचे दिवस पुरवायची, हे आमच्याकडच्या लेकरांनाही कळतं. आमच्या गाडीची टाकी १०० लिटरची आहे आणि ती चार माणसांना दोन दिवस जाते. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते, त्यामुळे एक वेळचा स्वयंपाक आणि त्याची भांडी वाचतात. बांधकामाच्या मानकांमध्ये हॉटेलसाठी माणशी रोज १८० लिटर पाणी धरतात. तुम्हीच हिशोब करा. नळाला मीटर लावा, लिटरवर पैसे घ्या. आम्ही पाण्याचे पैसे द्यायला कधी कुरकुर केलेली नाही.

जागा समुद्रकाठी नको. हे मी स्पष्ट लिहिते, कारण काही कॅरव्हॅनवाल्यांना हे आवडणार नाही. वाळूवर गाडी उतरवणाऱ्यांना सरळ दंड करा, मग ती सोलापूरची गाडी असो की पुण्या-मुंबईची. नोव्हेंबर ते मार्च हे आमच्या फिरायच्या हंगामातलेच महिने, आणि नेमका तोच ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम. मादी रात्री वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पुढचे दीड ते दोन महिने ती अंडी वाळूखाली असतात. वरून गाडी गेली तर खाली काय होतं हे सांगायला नको. पिल्लं बाहेर आली की उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राकडे उजेड असतो म्हणून ती समुद्राकडे जातात, पण किनाऱ्यावर गाडीचे दिवे लावलेले असतील तर ती आपल्याकडे येतात. वेळासच्या लोकांनी इतकी वर्षं ही घरटी राखली, त्यावर आम्ही चाकं फिरवायची? मुक्कामाची जागा गावाच्या आत, किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर असली तरी चालेल. तेवढं चालत जाऊ. सासूबाईंना रिक्षा करू, तेवढीच रिक्षावाल्याची कमाई.

घरगुती निवास चालवणाऱ्यांना वाटतं की ही माणसं खोली घेणार नाहीत, मग आमचा काय फायदा. हा प्रश्न मला कुणकेश्वरला एका ताईंनी तोंडावर विचारला. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. न्याहरी-निवास योजनेत नोंदलेल्या ज्या घरांना मोठं अंगण आहे, त्यांना एक-दोन गाड्या लावून घ्यायची परवानगी द्या. आमची गाडी अंगणात, जेवण त्यांच्या घरचं. सकाळी आंबोळ्या, दुपारी माशाचं ताट, संध्याकाळी निघताना कोकम, काजू, कुळथाचं पीठ. खोली रिकामी नसली तरी त्यांच्याकडे पाहुणे आले. चेंबरचं एक झाकण बसवून घेतलं की झालं. फक्त एक गोष्ट पाटीवर लिहा. कॅसेटमध्ये घालायचं जे निळं औषध मिळतं, त्यातल्या काहींत फॉर्मालिनच्या जातीचं रसायन असतं, आणि ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. टँक मग काम करत नाही, वास मारतो. जैविक औषध वापरणाऱ्यांनाच परवानगी, असा नियम करा. आम्ही तेच वापरतो.

विजेचं फार काही नाही. एक चांगला अर्थिंग असलेला प्लग, मीटर, आणि ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण. दमट हवेत ते असायलाच हवं.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन पार्क ही कल्पना त्यातच आहे, आणि ते खासगी जमिनीवरही करता येतात. केरळनेही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. तेव्हा आम्ही काही जगावेगळं मागत नाही. कागदावर जे आहे ते गावात यायचं आहे, आणि गावात ते तुम्हीच आणू शकता. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे खाड्यांवरचे पूल जसजसे होतील, तसतशा आमच्यासारख्या गाड्या वाढणारच. आज गावात महिन्याला चार गाड्या येत असतील, तेव्हा रोज चार येतील. त्या दिवशी घाईघाईने 'येथे कॅरव्हॅनला बंदी आहे' अशी पाटी लावण्यापेक्षा आज एक जागा आखून ठेवणं सोपं आहे.

आमच्या सोलापुरातही अशी जागा नाही, हे मी मान्य करते. हैदराबादहून गोव्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे ढाब्यांच्या आवारात रात्र काढतात. सिद्धेश्वराच्या यात्रेला गावोगावची माणसं सामावून घेणारं शहर आहे आमचं, त्याला आठ गाड्या जड नाहीत. याच मजकुराचा अर्ज मी आमच्या महापालिकेलाही देते आहे.

तुमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गावात गर्दीही कमी असते. हे काम त्या काळात ठरवता येईल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या, नगरपरिषदांनी त्या महिन्याच्या सभेत घ्या. आधी एकच जागा करा, सहा गाड्यांची, दोन रात्रींच्या मर्यादेची, रात्रीचे ५०० रुपये, पाणी आणि वीज मीटरप्रमाणे. दिवाळी ते मे एक हंगाम चालवून बघा. पैसे किती आले, घाण किती कमी झाली, हे तुमच्याच वहीत दिसेल. नाही जमलं तर बंद करा, आम्ही तक्रार करणार नाही.

चेंबरचं तोंड किती इंची हवं, उतार कुठल्या बाजूला हवा, गाडी वळायला किती जागा लागते, पिण्याचा नळ किती लांब असावा, हे सांगायला आमच्यातले दोघं-तिघं आपापल्या गाड्या घेऊन यायला तयार आहेत. डिझेल आमचं, जेवण तुमच्या खानावळीत, पैसे देऊन. गवंडी उभा असताना आलो तर जास्त बरं, म्हणजे तिथल्या तिथे मोजून देता येईल. गाडी घाटात चढवायची असते, म्हणून पाऊस ओसरल्यावरची, सप्टेंबरच्या शेवटची तारीख कळवावी.

आपली नम्र,
दरवर्षी कोकणात येणारी एक सोलापूरकर